उशिरा येणारा ठोका

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यामागे
आम्ही तिघं अजून दर शनिवारी बसतो:
इनास, भालू तेंडोलकर आणि मी.
मध्ये वर्तमानपत्रावर तळलेले पेडवे,
आणि एक बाटली, जिच्याबद्दल घरी कुणी विचारत नाही.

त्र्याऐंशी साली आमचे केस खांद्यावर होते.
आता भालूचे फक्त कानांत उरलेत.

तालमीला जागा देणारा तेव्हा एकच माणूस होता,
या कारखान्याचा मालक,
आणि तोही बहिरा.
ड्रम परवडत नव्हते.
शेडमध्ये कॉम्प्रेसर होता, अमोनियाचा, बैलाएवढा.
धड्, धड्,
आणि मग जरा थांबून, विसरलेलं आठवल्यासारखी
तिसरी धड्.
पट्टा एका जागी शिवलेला होता, म्हणून.
त्या लंगड्या ठोक्यावर आम्ही बोटं सोलून घेतली.

इनासचा मामा जहाजावर स्टुअर्ड.
त्याच्याकडून कॅसेट यायच्या,
तिसऱ्या कॉपीची चौथी कॉपी.
शब्द कधीच कळले नाहीत.
किंचाळी कळायची,
तेवढी पुरायची.

जाहीर कार्यक्रम एकच झाला, जत्रेत, नाटकाच्या आधी.
दुसऱ्या गाण्याला बाया पोरांना उचलून निघाल्या.
तिसऱ्याला जनरेटर बंद पडला.
पडला की पाडला,
यावर आम्ही चाळीस वर्षं भांडतोय
आणि तिघांनाही ठाऊक आहे.

हल्ली भिंतीच्या पलीकडे
खडपकरांची तेजल आणि तिची टोळी बसते.
निळा दिवा लुकलुकणारा स्पीकर,
आणि एक पोरगा, टोपी उलटी, श्वास न घेता बोलणारा.

"ह्यां गाणां?" इनास म्हणतो. "मेल्यांनो, ह्यांत वाजवता कोण?"
"गिटार खय आसा?" भालू.
मी म्हणतो, तो गातोय की सुरमईचा लिलाव करतोय?
आम्ही हसतो. आमचं आम्हालाच पुरेसं हसू येतं.
शब्द कळत नाहीत, अशीही तक्रार करतो.
मालवणीत आहेत, तरी.

त्या शनिवारी मात्र
इनासचा हात पेडव्यासकट हवेत राहिला.
"ठोको चुकता," तो म्हणाला.
मग भिंतीवरून ओरडला,
"ए चेडवा, तुझो तिसरो ठोको उशिरा येता!"

"चुकत नाय, काका," पलीकडून तेजल.
"तो तसोच आसा."

भंगारवाले यायच्या आदल्या संध्याकाळी
ती आजोबांचा डबा घेऊन शेडमध्ये गेली होती,
आणि फोन कॉम्प्रेसरवर ठेवून तासभर बसली.
का, ते तिलाही सांगता आलं नाही.
आवाज बरा वाटला, म्हणाली.

त्याला आता दोन वर्षं झाली.
नवं यंत्र पांढरं आहे, कपाटासारखं.
चालू आहे का बघायला हात लावावा लागतो.
ते जुनं नेलं तेव्हा
आम्ही तिघं कुठे होतो?
भालू मुलीकडे पुण्याला. मी मोतीबिंदूत.
इनास इथेच, घरात,
त्याला कुणी सांगितलंच नाही.

"परत लाव," इनास म्हणाला.
तिने लावलं.
"पण त्या झिलाची बडबड काढ."
"ती निघाची नाय, काका. सगळां एकत्र शिजलेलां आसा."

तो थोडा वेळ उभा राहिला.
मग भिंतीला वळसा घालून गेला
आणि स्पीकरजवळच्या दगडावर बसला,
पोराकडे पाठ,
तोंड शेडकडे.
टोपीवाल्याने आवाज कमी करू का विचारलं.
इनासने नुसता हात हलवला,
हो की नाही, कळलं नाही.
पोराने वाढवला.

भालूने उरलेला पेडवा उचलला.
"गाणां वायटच आसा," म्हणाला.
वायटच, मी म्हणालो.
आणि दोघंही गप्प झालो,
कारण दोन ठोके पडून गेले होते
आणि तिसरा अजून यायचा होता.